सातेरीची सवत

“तिदाक! तिदाक आदा!”

घरमालकीण ओरडत होती आणि मी तिच्यापुढं नुसत्या बनियनवर उभा होतो. एका हातात चुरगळलेला सदरा, दुसरा हात हवेत तसाच थांबलेला. इबू नूर तिचं नाव. इबू म्हणजे आई, पण वयानं ती माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान असेल. आवाज मात्र असा, की छावणीच्या मैदानावर हुकूम सोडायला ठेवली असती तर पलटण थेट दौलताबादच्या किल्ल्यावर चढूनच थांबली असती. तिच्या हातात केळ्याची भजी काढायचा झारा होता, झाऱ्यातून तेल निथळत होतं आणि तो माझ्या छातीवर रोखलेला होता.

“तिदाक आदा” म्हणजे “नाही, मिळणार नाही”, एवढं मला तोवर समजायला लागलं होतं. मी मागितलं काय होतं? इस्त्री. दुसऱ्या दिवशी गावच्या सरपंचाला भेटायला जायचं, सदरा पिशवीत मुटकुळं करून बसलेला. म्हणून सदरा पुढं धरून म्हणालो, “इस्त्री. मला इस्त्री पाहिजे.” तिला नीट कळावं म्हणून हातानं करूनही दाखवलं, असं सावकाश, गुळगुळीत, मागं-पुढं. ते पाहून तर बाई जास्तच पेटली.

मागच्या पडवीत माझी बहीण मधू डोळ्यांत औषधाचे थेंब घालून चटईवर पडली होती. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं विचारलं, “आण्णा, काय केलंस रे?”

“काय नाय गं. इस्त्री मागितली.”

“मग त्या एवढ्या का ओरडतायत?”

“इथं विजेचं बिल जास्त येत असंल.”

तेवढ्यात फिरोज जिना चढून आला. फिरोज आमच्या छावणीचाच पोरगा, मधूचा जुना विद्यार्थी. आता इंडोनेशियाच्या त्या सुलावेसी बेटावर मधमाश्यांवर संशोधन करतो, आणि आम्हाला तिथं बोलावणारा तोच. त्यानं इबू नूरचं ऐकून घेतलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसकण मारून पोट धरून हसायला लागला.

“आण्णा, क्या बोले तुम! अहो, इथं इस्त्री म्हणजे बायको!”

मग एकेक गाठ सुटत गेली. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा नूरनं माझ्याकडं बोट करून विचारलं होतं, “सुआमी?” माझी पांढरी दाढी पाहून ही बाई मला स्वामी समजली, असं मला वाटलं. नाही म्हणून कशाला तिचं मन मोडा? मी हात वर करून आशीर्वाद दिला. तर सुआमी म्हणजे नवरा. तिनं विचारलं होतं, ह्या बाईंचा नवरा का तुम्ही? आणि मी झकास होकार दिला होता. त्यानंतर बहिणीची ओळख करून द्यावी म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “मधू.” आता तिथल्या भाषेत मादू म्हणजे मध. इथवर ठीक. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सवत.

म्हणजे त्या बाईला दिसलं ते असं: हा म्हातारा नवरा आहे, बरोबर आणलेली बाई ही सवत आहे, अर्थात पहिली कुठंतरी मागं ठेवलीय, आणि आता माझ्या स्वयंपाकघरात बनियनवर उभा राहून आणखी एक बायको मागतोय. वरून हातवारेही करून दाखवतोय.

पण हसता हसता फिरोजचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “आण्णा, ती म्हणत होती, ह्या माणसाला मी रानात नेणार नाही. तिच्या आईवर सवत आणली होती बापानं. आणि अख्ख्या गावात दोन्ही जातीच्या मधमाश्या फक्त हिच्याकडंच हायत.”

तेव्हा माझ्या हातातला सदरा खरा खाली पडला. कारण मधू त्यातल्या एका माशीसाठीच आली होती, आणि तिला पुन्हा यायला मिळणार नव्हतं.

पडेगावात काय ठरलं

आमचं घर पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला. शेत बेताचं, सीताफळाची झाडं पुष्कळ, आणि त्यांच्या सावलीत माझ्या मधपेट्या. माश्यांचे प्रकार आमच्याकडं शाळेत न जाता कळतात. किल्ल्याच्या कड्याला लोंबतं ते आग्यामोहोळ. एकदा ते माझ्या मागं लागलं तेव्हा मी पडेगावपर्यंत असा पळालो, की वाटेत एसटी मागं पडली आणि कंडक्टरनं खिडकीतून मला तिकीट विचारलं. झुडपात तळहाताएवढं उघडं पोळं लावते ती फुलोरी. आणि अंधाऱ्या ढोलीत एकापुढं एक पोळी टांगून गुपचूप संसार करते ती सातेरी. तीच माझ्या पेट्यांत. चौथी परदेशी, बाहेरून आणलेली.

मधूनं शहरातल्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि वर्गात हेच चार प्रकार शिकवले, फक्त लॅटिन नावांनी. सातेरी म्हणजे एपिस सेराना. भारतापासून जपानपर्यंत आणि खाली सगळ्या बेटांवर ढोलीत राहणारी ती हीच, जरा उन्नीस-बीस. फिरोजनं परीक्षेत लिहिलं होतं की सुलावेसीवरची एक माशी सातेरीसारखी दिसते, पण ती सातेरी नव्हे, वेगळी आहे. मधूनं त्यावर लाल रेघ मारली आणि अर्धा गुण कापला. त्याच अर्ध्या गुणाच्या रागानं पोरगं समुद्र ओलांडून त्या बेटावर जाऊन बसलं, असं मी लोकांना सांगतो.

ह्या माशीची कुंडली गमतीची आहे. जुन्या काळी एका इंग्रजानं तिला एपिस नायग्रोसिंक्टा असं नाव दिलं, म्हणजे काळ्या कमरपट्ट्याची. पुढच्या पंडितांनी तिला उचलून सातेरीच्या घरात ढकललं. म्हणाले, हिला वेगळं घर कशाला? पुढं पुष्कळ वर्षांनी काही लोकांनी त्या बेटावर जाऊन नीट पाहिलं, तर तिथं सातेरीही होती आणि हीही होती, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. दोघींचे नर उडायला निघतात तेसुद्धा वेगवेगळ्या वेळी. चितेगावच्या कारखान्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या पाळीसारखे. फाटकात गाठ पडत नाही, त्यामुळं सोयरीकही जमत नाही. मग हिला परत वेगळं बिऱ्हाड मिळालं. आमच्या शहराचं ह्याच्या उलटं. गाव एकच, पण पासपोर्टवर एक नाव आणि स्टेशनच्या पाटीवर दुसरं. तिथं माश्या दोन आणि नाव एक होतं.

दोघींना ओळखायची एक खूण आहे आणि सगळा प्रवास त्या खुणेसाठीच झाला. सातेरीच्या पोळ्यात नरमाशीचं घर मेणाच्या टोपणानं बंद होतं तेव्हा त्या टोपणाच्या मधोमध एक भोक असतं. टाचणीच्या टोकाएवढं. ते कशासाठी हे मला कुणी विचारलं तर मी सांगतो, नर दिवसभर काही काम करत नाहीत, त्यांना उकडतं, म्हणून. त्या बेटावरच्या माशीच्या टोपणाला हे भोक नसतं.

फिरोजनं फोटो पाठवला. मधू म्हणाली, फोटोवर विश्वास ठेवायचा असता तर मी जन्मभर पोरांना सूक्ष्मदर्शकात डोळा घालायला लावलं नसतं. मी स्वतः बघेन आणि मगच चूक मान्य करेन. हे बोलणं झालं आणि तिच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं डॉक्टर म्हणाले. कडेचं राहील, मधलं जाईल. जे बघायचंय ते लवकर बघून घ्या.

मधूला बघायची होती टाचणीच्या टोकाएवढी वस्तू. तीही नसलेली.

म्हणून मी बरोबर निघालो. बॅगा उचलायला आणि माश्यांना न भिणारं कुणीतरी पाहिजे म्हणून. माझी बायको कुसुम हिनं धपाट्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. विमानातलं काही सांगत नाही. विमानात माणसाला पोत्यासारखं ठेवतात आणि पोत्यासारखं उतरवतात.

मकासर

मकासर हे बेटावरचं मोठं शहर. समुद्राला लागून. तिथं पोचल्यावर मला असा भास झाला की मी ह्या भाषेत आधीच बोलत होतो, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. खुर्चीला कुर्सी म्हणतात. साबणाला साबुन. जगाला दुनिया, वेळेला वक्तू. शिक्षकाला गुरू. तोंडाला मुका, त्यामुळं तोंड धुवायला सांगितलं तर आपण उगीच लाजतो. सरपंचाला कपाला देसा, म्हणजे चक्क देशाचं कपाळ. आमच्याकडचे काही सरपंच डोळ्यांपुढून गेले. अर्धे शब्द आजीच्या पोथीतले आणि अर्धे छावणीच्या बाजारातले. मराठवाड्याच्या माणसाला दोन्ही घरचेच. मी फिरोजला म्हणालो, “आता तुझी गरज नाय. मी बघतो.” पुढं इस्त्रीचं जे झालं त्याचं मूळ ह्या एका वाक्यात आहे.

समुद्रकाठी गाड्यावर केळी चेपून निखाऱ्यावर भाजतात आणि वर ताडगूळ ओततात. मधूनं दोन खाल्ली. मी किती खाल्ली ते मधू सांगत सुटते, ते खरं धरू नका.

डोंगरावरचं घर

तर झाऱ्यासमोर उभा होतो तिथं परत येतो.

फिरोजनं नूरला सगळं समजावलं. हा नवरा नाही, भाऊ आहे. मधू हे बाईंचं नाव आहे. ह्याची बायको घरी आहे, एकच आहे, आणि तीसुद्धा ह्याला पुरून उरते. नूरनं झारा खाली घेतला. माझ्याकडं पाहिलं, मधूकडं पाहिलं, आणि दोघांची नाकं सारखी आहेत की नाहीत ते जवळ येऊन तपासलं. आमच्या बापाचं नाक त्या दिवशी कामाला आलं. मग ती अशी हसली, की खालच्या कोंबड्या उडाल्या.

खाली पडलेला माझा सदरा उचलून तिनं स्वतः कडक इस्त्री करून दिला. तिथं त्या यंत्राला सेत्रिका म्हणतात. एवढं जवळ जाऊन मी हुकलो होतो. राहिलो तितके दिवस ती मला “सुआमी” म्हणूनच हाका मारायची आणि हाक मारली की मी हात वर करून आशीर्वाद द्यायचा, हा नेम ठरून गेला. मधूला मात्र ती “इबू गुरू” म्हणायची, आदरानं.

तिचं घर खांबांवर उभं. आमच्या माळवदाच्या घरात माणसं गच्चीवर झोपायला चढतात. इथं माणूस जगायलाच जिना चढतो आणि खाली कोंबड्या, दुचाकी आणि मधपेटी. नवरा बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने बाहेर. माश्यांचं सगळं हीच पाहते. घराखालच्या पेटीत एक माशी आणि वर रानात, पोकळ ओंडक्यात, दुसरी. तिला विचारलं, ह्या दोन वेगळ्या का? ती म्हणाली, एक जरा तापट आहे. आणि मध? तिनं बोट चाटून दाखवलं. “मादू या मादू.” मध म्हणजे मध. पंडितांची भांडणं तिनं तीन शब्दांत मिटवली.

जेवायला भात, निखाऱ्यावर भाजलेला मासा आणि साम्बल. साम्बल म्हणजे त्यांचा ठेचा. मी हसून म्हणालो, आम्ही मराठवाड्याची माणसं, आम्हाला काय तिखट दाखवता? आणि चमचाभर तोंडात टाकला. त्यानंतर माझ्या डोळ्यांतून जे पाणी वाहिलं त्यात मासा परत पोहायला लागला. नूरनं खोबऱ्याचं दूध पुढं सरकवलं. मग मी धपाटे काढले. तिनं एक तुकडा मोडला, चटणी लावली, खाल्ला आणि शेजारणीला हाक मारून बोलावलं. शेजारणीनं तिच्या जावेला बोलावलं. कुसुमला कळवायला पाहिजे की तिच्या धपाट्यांनी त्या डोंगरावर आमची अब्रू राखली. माझ्यानं ती राखली गेली नसती.

रान

दुसऱ्या दिवशी सरपंचांची परवानगी घेऊन रानात चढलो. वाट चिकट, दोन्ही बाजूंना वेलची आणि रानकेळी. मधू माझ्या दंडाला धरून चालत होती. पायाला एक जळू चिकटली; ती एवढी लांब, की मी आधी पट्टा सैल झाला समजून कमरेला बांधायला निघालो.

झाडाच्या बेचक्यात आडवा बांधलेला ओंडका होता. नूरनं नारळाचा काथ्या पेटवून धूर दिला आणि झाकण काढलं. आता हे मात्र मी अगदी पाहिलं तसं सांगतो. माशी सातेरीहून किंचित पिवळी. पाय पिवळसर, तोंडापुढचा भागही पिवळसर. बाकी ठेवण तीच, ओळीनं टांगलेली पोळी, तोच गुणगुणाट. दुरून पाहिलं तर मी शपथेवर सांगितलं असतं की माझ्याच पेट्यांतली पळून आलीय.

नूरनं पोळ्याच्या खालच्या काठाचा, नरांच्या बंद घरांचा तुकडा कापून पानावर ठेवला. मधूनं पिशवीतून भिंग काढलं. ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मान डावीकडं केली, उजवीकडं केली, भिंग जवळ घेतलं, लांब धरलं. फिरोज श्वास रोखून उभा.

“काय गं?” शेवटी न राहवून विचारलं.

“पोळं दिसतंय. पान दिसतंय, तुझा अंगठा दिसतोय. जिथं बघते तेवढंच नाही दिसत.” तिनं भिंग पदराला पुसलं, जसं काही भिंगच खराब होतं. “धुकं बसलंय मधोमध.”

“डाक्टर म्हणले व्हते अजून वेळ हाय म्हणून.”

“त्यांच्याकडं असेल.”

फिरोज गुडघ्यावर बसला. “मॅडम, मी सांगतो ना. भोक नाही. मी शेकडो बघितलीत.”

“तू नको, बाळा. तुला ते नसायलाच पाहिजे. तुझा डोळा जे शोधतो तेच त्याला सापडणार.” ती पानाकडं बघत होती, म्हणजे पानाच्या कडेकडं. “ज्याला ह्यातलं काही पडलेलं नाही, असा डोळा पाहिजे मला.”

सगळे माझ्याकडं वळले. अगदी नूरसुद्धा.

“आण्णा?” फिरोजनं असं विचारलं, जसं कुणी दूध राखायला मांजर नेमायला निघालंय.

मधू म्हणाली, “तीच तर अडचण आहे. ह्याचं सगळं बोलणं मी लहानपणापासून निम्म्यानं भागत आलेय. बिबट्या म्हणाला की मांजर धरायचं. पण भोकाला निम्म्यानं कसं भागू? ते असतं नाहीतर नसतं.”

मी दुखावल्यासारखं केलं. पण मला समजत होतं की ती थट्टा करत नव्हती. आवाज परीक्षेच्या हॉलमधला होता.

हाय की नाय

आपल्या वर्गात तिनं जे नियम पाळले असतील ते सगळे तिनं रानातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नूरच्या पडवीत लावले. नूरनं दोन्हीकडच्या पोळ्यांचे, नरांच्या एकेका टोपणाचे, छोटे छोटे तुकडे आणले, घराखालच्या पेटीतले आणि रानातल्या ओंडक्यातले. कुठला कुठला ते फक्त तिला माहीत. फिरोजला मधूनं लांब नळावर पिटाळलं, त्याचा चेहरासुद्धा मला दिसता कामा नये म्हणून. मधूच्या पुढ्यात दोन वाट्या. नूर एकेक तुकडा माझ्या तळहातावर ठेवणार, मी भिंगातून पाहणार आणि एकच शब्द बोलणार. त्याप्रमाणं मधू तुकडा ह्या नाहीतर त्या वाटीत टाकणार.

पहिला तुकडा आला. मी घसा साफ केला. “अहाहा! मधू, काय सांगू तुला, हे टोपण म्हणजे एखाद्या घुमटावर...”

“हाय की नाय?”

“हाय.”

“पुढचा.”

दुसरा. “नाय.” तिसरा. “नाय.” चौथा. “हाय.” एवढं कमी मी माझ्या लग्नातसुद्धा बोललो नव्हतो. घाम फुटला. एक शब्द बोलायचा म्हटलं की तो किती जड होतो ते मला तिथं कळलं. नूर मला तुकडा द्यायची आणि कुंपणाकडं बघत बसायची, अगदी दगडासारखी. मधूचा कान माझ्याकडं आणि डोळे कुठंच नाहीत.

मग एक तुकडा आला. मेण फिकट, रानातल्यासारखं. इतके तुकडे हाताखालून गेल्यावर मला ते थोडंफार ओळखू यायला लागलं होतं. “नाय” हा शब्द जिभेवर तयारच होता. भिंग लावलं. तर मधोमध भोक.

मी परत पाहिलं. भोक होतंच. इथवर सगळं मधूला हवं तसं जमत आलं होतं, फिरोज तिकडं नळाजवळ येरझाऱ्या घालत होता, आणि आता हे एक भोक सगळ्यावर पाणी ओतणार. कुणाला दिसलं असतं? एक माशी कमी, एक भोक कमी. मधूला आयुष्यभर बरं वाटलं असतं.

“आण्णा?”

“हाय,” मी म्हणालो.

तिचा हात वाटीवर थांबला.

“हाय,” मी परत म्हणालो, “पण हे माशीचं नव्हं. सातेरीच्या भोकाचा काठ कसा नीट असतोय, कुणी बसवल्यागत गोल. ह्याचा काठ आत दबलाय आणि एका अंगाला फाटलाय. हे कुणीतरी टोचलंय.”

मधूनं खांद्यावरची साडीची पिन काढून पुढं धरली. पिनेच्या टोकाला मेण होतं.

“मीच टोचलंय. सकाळी, कालच्या रानातल्या तुकड्यावर, बोटांनी चाचपून, आणि तो नूरच्या ढिगात मिसळला.”

“मला फसवायला?”

“तू मला खूश करतोस का, ते बघायला.”

नूरला शब्द कळले नसतील, पण पिन कळली. तिनं डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मग तिनं दोन्ही वाट्या जमिनीवर उपड्या केल्या, एकेक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि बोट दाखवलं. ही पूर्ण घराखालची. ही पूर्ण रानातली. चूक एकही नाही. पिनेचा तुकडा मधल्या मध्ये, एकटा.

फिरोजला हाक मारली. तो धावत आला आणि वाट्यांकडं न बघता मधूच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

“वेगळी आहे,” मधू म्हणाली. “तुझा अर्धा गुण द्यायचा राहिलाय.”

“नक्को मॅडम,” तो म्हणाला. “तो दिला असता तर मी इथं कशाला आलो असतो?” आणि डोळे पुसायला तोंड फिरवून परत नळावर गेला.

त्या संध्याकाळी नूरनं केळ्याची भजी केली, परत त्याच झाऱ्यानं. मधू पडवीच्या टोकाला बसून खालच्या पेटीवर येणाऱ्या माश्या ऐकत होती. ऐकत होती म्हणतो, कारण ती तिकडं बघत नव्हती. माझ्या हातात भजं होतं, समोर एका परक्या बाईनं आपलंसं करून दिलेलं घर होतं, आणि बहिणीनं जन्मात पहिल्यांदा माझा एक शब्द पुरता घेतला होता. ह्याहून जास्त मला कुणी काय द्यायचं? मी पुष्कळ देवळांत पुष्कळ काही मागितलं आहे. हे मागायचं सुचलंसुद्धा नव्हतं.

निघताना नूरनं मधाची बाटली दिली, तापट माशीच्या मधाची. गाडी सुटल्यावर मागून हाक आली, “सुआमीऽऽ!” मी खिडकीतून हात वर केला. ह्या खेपेला आशीर्वाद कुणी कुणाला दिला ते नक्की सांगता येणार नाही.

परत

पडेगावात आल्यावर अंगणात माणसं जमली. मी सुरुवात केली. माश्या चिमण्यांएवढ्या होत्या, जळू पट्ट्याएवढी, आणि साम्बल असं की विमानानं त्याच्यावरच उड्डाण केलं. लोक हसत होते, कुणी खरं धरत नव्हतं, आणि कुणाला धरायचंही नव्हतं. मधल्या मध्ये टोपणांची गोष्टही मी सांगून टाकली. त्यावर मात्र कुसुमनं चहाचे कप खाली ठेवले.

“ह्यांचं राहू द्या, वन्सं,” ती मधूला म्हणाली. “तुम्ही सांगा. भोक नव्हतं, हे नक्की?”

“नक्की.”

“पण तुम्हाला तर दिसत नव्हतं म्हणता.”

मधूनं बशी चाचपून कप उचलला आणि चहावर फुंकर घातली.

“आण्णानं पाहिलंय.”